माळ्यावरचा भुसा

आमच्या घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून टिना चढवल्या त्या बाबांनीच. आमच्या मुर्री गावात तेव्हा टिनांचं छप्पर फार थोड्या घरांवर होतं. दरवर्षी वानरांची टोळी यायची, आढ्यावरून उड्या मारत पलीकडच्या चिंचेवर जायची, आणि पावसाच्या तोंडावर पाहावं तर निम्मी कवेलू फुटलेली. लढाई संपल्यावर गोंदियाच्या बाजारात कुठूनशा जुन्या टिना विकायला आल्या. बाबांनी त्या बैलगाडीत घालून आणल्या, सुतार लावून ठोकून घेतल्या. नंतर वानरं आली तेव्हा टिनांचा असा धडधडाट झाला की तीच घाबरून पळाली. बाबा अंगणात उभे राहून हसले. त्यांना असं मोकळं हसताना मी फारसं पाहिलेलं नव्हतं.

त्या सुमाराला मी सासरहून परत आलेली होते. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली, आणि दुसरी आल्यावर मला त्या घरात बसायला जागा उरली नाही. बाबा मला न्यायला आले. वाटेत एका विहिरीवर थांबून त्यांनी मला पाणी काढून दिलं आणि म्हणाले, "आता जायाचा नाई." एवढंच. पुढे कुणी नातेवाईक समजूत घालायला आले तर बाबा उठून बैलांना चारा घालायला निघून जायचे. आई मी लहान असतानाच गेली होती. घरात बाबा, मी, मोठा भाऊ आणि वहिनी. भाऊ गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये कामाला होता. सायकलने जायचा, संध्याकाळी भुशाने पांढरा होऊन यायचा.

स्वातंत्र्य आल्याला दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हा बाबा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पडले. रोवणं, धानाची लावणी, चालू होतं. बायांनी आधी हसून घेतलं, त्यांना वाटलं चिखलात पाय घसरला. मग कुणीतरी उचलायला गेलं तर उजवं अंग मेलेलं. लकवा. घरी खाटेवर आणलं तेव्हा तोंड वाकडं झालेलं होतं आणि बोलणं गेलेलं होतं. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जीव वाचला हेच खूप समजा, बाकी जेवढं परत यायचं तेवढं येईल. परत काहीच आलं नाही. डावा हात थोडा हलायचा, डोळे चांगले होते, आणि घशातून एखादं अक्षर निघायचं. ते अक्षर काढायला त्यांना इतकी ताकद लागायची की मानेच्या शिरा ताठ व्हायच्या.

त्यांची खाट मधल्या खोलीत टाकली. एका बाजूला रांधण्याची खोली, दुसऱ्या बाजूला सपरी, म्हणजे समोरचा पडवीसारखा भाग. मधल्या खोलीत ठेवलं की कुणा ना कुणाची नजर राहील, हा विचार. बाबा चोवीस तास पाठीवर. कुशीवर वळवलं तरी थोड्या वेळाने कण्हायला लागायचे, पुन्हा उताणं करावं लागायचं. डोक्यावर वासे, आणि वाशांवर त्या टिना.

पहिला उन्हाळा मी विसरू शकत नाही. चैत्र सरल्यावर आमच्याकडे ऊन कसं तापतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. कवेलूच्या घरात ते सहन होतं, टिनांखाली होत नाही. दुपारी टिना तडतड वाजायच्या. खोलीत पाऊल टाकलं की तव्याची धग तोंडावर यावी तसं व्हायचं. आम्ही बाहेर झाडाखाली जाऊ शकत होतो. बाबांना एकदोनदा खाटेसकट कडुनिंबाखाली नेलं, पण लू लागून त्यांना ताप भरला, म्हणून पुन्हा आत. मी ओल्या धडप्याने त्यांचं अंग पुसायची, धडपा पुसता पुसताच वाळायचा. त्यांच्या पाठीला उबाळे फुटले. डोळे वर, टिनांकडे. ज्या टिना त्यांनी हौसेने आणल्या त्यांच्याचकडे.

भावाने टिनांवर भिजवलेली पोती टाकून पाहिली, ती दोन घटकांत कोरडी. मग धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, वर पसरू म्हणाला. त्यावर वहिनी म्हणाली, "रेल्वेच्या इंजनाची ठिणगी आली तं? घर का जाळून टाकता?" आमच्या घरापासून रूळ लांब नव्हते. वाऱ्याच्या दिवसात ठिणगी उडून शेजारच्या गावात गंजी जळाल्या होत्या. तणसाचा विचार तिथेच राहिला.

दुसरा उन्हाळा यायच्या आधी भावानेच ठरवलं की आतून माळा करायचा. वाशांच्या खाली आडवे बांबू बांधायचे, त्यावर तट्ट्या अंथरायच्या, आणि तट्ट्यांवर धानाचा भुसा. भुसा मिलमध्ये ढिगाने पडलेला असे, मालक तो फुकटही न्यायला सांगत. भाऊ म्हणाला, "बर्फाच्या लाद्या भुशात ठेवतेत. वितळत नाई. मंग बाबाले काऊन नाई चालन?" त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

बांबूच्या तट्ट्या विणून आल्या. भावाने सुट्टी घेऊन स्वतः काम केलं. तट्ट्यांच्या फटीतून भुसा गळून बाबांच्या डोळ्यात जाईल, त्यांना तर हाताने पुसताही येत नाही, म्हणून तट्ट्यांवर जुनी पोती पसरली. त्यावर भुसा ओतला. हातभर जाडीचा, आणि वळचणीकडे जिथे छप्पर खाली उतरतं तिथे तर पार टिनांना टेकेपर्यंत कोंबला. मग भिंत आणि टिनांच्या मधली फट राहिली. तिथून गरम वारा येतो, चिमण्या येतात, उंदीर येतात. भावाने मातीचा गारा करून ती सगळी फट चारी बाजूंनी लिंपून टाकली. एक बोट जाईल एवढीही जागा ठेवली नाही. काम संपल्यावर खाली उतरून तो बाबांच्या खाटेजवळ बसला आणि म्हणाला, "आता पाहा बाबा, कसा थंडा लागते."

आणि खरोखर थंड झालं. बाहेर अंगण भाजत असताना खोलीत सावली उतरल्यासारखी वाटायची. बाबा दुपारचे झोपायला लागले. घोरायचेसुद्धा. वहिनी सुपात तांदूळ घेऊन त्याच खोलीत येऊन बसायची, शेजारच्या बाया काही ना काही निमित्त काढून यायच्या. एक पोवारीण आजी तर रोज येऊन जमिनीवर पडून राहायची. दोन वर्षांत घरात बरं वाटलं असेल तर ते त्या दोन महिन्यांत.

पावसाळा गेला. खोलीत थोडा कुबट वास यायचा, पण पावसाळ्यात तो कुठल्या घरात येत नाही? भावाने टिनांच्या खिळ्यांना आधीच डांबर लावून ठेवलं होतं, गळत कुठे नव्हतं. मग धान कापणीला आलं, थंडी पडली.

थंडीचे दिवस म्हणजे माझ्या कामाचे दिवस. बाबांना लघवीचं भान राहिलेलं नव्हतं. धडपे, लुगड्याचे तुकडे, गोधडीची पटकुरं, दिवसात किती बदलायची याला हिशोब नव्हता. उन्हाळ्यात धुतलं की बाहेर टाकलं, वाळलं. थंडीत बाहेर दवाने ओलंच राहायचं. म्हणून खोलीतच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली होती, आणि खाली गोरसी, म्हणजे आमच्याकडची मातीची शेगडी, तिच्यात निखारे. कपडे वाळायचे आणि बाबांनाही ऊब मिळायची. सकाळी कडुनिंबाचा पाला घालून पाण्याचं भगोणं उकळायचं, त्या पाण्याने त्यांचं अंग शेकायचं. थंडी लागू नये म्हणून खिडकी बंद, दारं लोटलेली. त्यात बाजूच्या खोलीत वहिनी धान उसवायला, म्हणजे उकडायला, ठेवायची, ती वाफ दारातून सगळी मधल्या खोलीत. खोली उबदार असायची. मला तिचं समाधान वाटायचं.

त्याच दिवसांत बाबा एक अक्षर काढायला लागले. "पा." मान ताठ करायची, डोळे मोठे करायचे आणि "पा... पा..."

पहिल्यांदा ते ऐकून मला रडूच आलं. इतक्या दिवसांनी कळण्यासारखं काहीतरी बोलले होते. मी धावत जाऊन पाण्याचा पेला आणला, चमच्याने तोंडात घातलं. त्यांनी दोन घोट घेतले, तिसरा ओठांतून बाहेर सोडला, आणि पुन्हा "पा."

"आनखी पायजे?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. लकव्यानंतर ते राग आला की असे डोळे मिटायचे.

मग हे रोजचं झालं. सकाळी जास्त. उजाडल्यापासून "पा, पा." पाणी दिलं की थुंकायचे. नाही दिलं की डावा हात खाटेच्या माच्यावर आपटायचे. वहिनी वैतागली. तिलाही दोष देत नाही. पहाटेपासून ती चुलीपाशी, आणि ही हाक थांबत नाही.

"आत्ताच तं पाजला मी मामाजीले पानी," ती म्हणायची. "पेत नाई, थुकून देतेत. अन् पेले तं लगेच बिछाना ओला. बाई, तूच पाहा आता."

भावाने बाबांच्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, पानी पायजे का?" बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते वर पाहत होते. पण वर तर ते नेहमीच पाहायचे. दुसरीकडे पाहायला त्यांना होतं काय?

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "डोक्यावर परिनाम झाला असन. डागदर म्हनला होता ना." त्यानंतर आम्ही त्या अक्षराला उत्तर द्यायचं कमी केलं. ठरलेल्या वेळी पाणी पाजायचं, मध्ये बोलले तरी "हो बाबा, हो" म्हणायचं. आजाऱ्याच्या घरात असं होतं. ऐकू येतं आणि ऐकलं जात नाही.

पौषात मलाच हिवताप आला. तीन घरं सोडून एका घरी कुनैन मिळालं ते खाल्लं, कान बधिर झाले. अंग इतकं थरथरत होतं की गोरसीची ऊब पाहिजे म्हणून मी मधल्या खोलीत बाबांच्या खाटेला लागून खाली गोधडी टाकून पडले. डोकं त्यांच्या डोक्याच्या बाजूला. सकाळची वेळ होती, उन्हं कवाडाच्या फटीतून आत आलेली. बाबा म्हणाले, "पा."

मला उठवत नव्हतं. मी पडल्या पडल्या त्यांच्याचसारखी वर पाहत राहिले.

तट्टीवर डाग होता. काळपट, कडेला पिवळा, पोळपाटाएवढा. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, बाबांच्या छातीवरून पायांकडे गेलेले. उभं राहून खोलीत वावरताना ते कधी दिसले नव्हते. धुराने काळवंडलेल्या तट्ट्या, वर पाहायला सवड कुणाला होती. मी पाहत असताना एका डागाच्या मधोमध बांबूच्या कामटीवर थेंब जमला, बराच वेळ लोंबकळला आणि पडला. बाबांच्या पांघरुणावर पडला. तिथे आधीच ओलं होतं. ती ओल आम्ही रोज त्यांचीच समजत होतो.

"पानी," मी म्हणाले. "बाबा, वरून पानी पडून रायला का?"

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांच्या वाकड्या तोंडातून असा काही आवाज निघाला की वहिनी पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.

संध्याकाळी भावाला दाखवलं. तो खाली गोधडीवर पडून पाहायला तयार नव्हता, उभ्यानेच मान वर करून म्हणाला, "उंदीर मुतले असतीन. पानी कुठून येईन? दिवाळीपासून आभाळात ढग नाई." पण दुसऱ्या दिवशी मिलला जायच्या आधी छपरावर चढून त्याने सगळ्या खिळ्यांना पुन्हा डांबर लावलं. डाग वाढत राहिले. डांबर ताजं, आभाळ निळं, आणि तट्टी ओली. आम्ही बाबांची खाट भिंतीकडे सरकवली. तिथे डाग नव्हते.

माळा कोसळला तो एका दुपारी, आणि तो भिंतीकडचाच कोपरा कोसळला. वळचणीजवळ भुसा टिनांना टेकवून कोंबला होता तिथे सगळ्यात जास्त पाणी मुरलं होतं, ते वरूनच मुरत गेलं, खाली डाग उमटला नाही. वहिनी बाबांना पेज भरवत होती. मी मागे धडपे धूत होते. धप्प असा जड आवाज आला, दगड पडल्याचा नाही, ओली माती पडल्याचा. मी आत आले तेव्हा तट्टी एका बाजूने लोंबत होती आणि खाटेवर काळा ढीग. भुसा असा काळा मी पाहिला नव्हता. त्यातून वाफ निघत होती आणि आंबलेला, सडलेल्या शेणासारखा वास. वहिनी त्या ढिगात हात घालून बाबांचं तोंड शोधत होती.

तिने ते शोधलं. बोटाने तोंडातला भुसा काढला, नाकातला काढला, पदराने डोळे पुसले. त्यांना अर्धवट बसतं करून पाठीवर थोपटत राहिली. "खोका मामाजी, खोका," ती म्हणत होती. बाबा खोकले. श्वास सुरू राहिला. पायांवर बांबू पडला होता, नडगी सोलवटून रक्त आलं होतं. ते मला दिसलं, त्यांना कळलं नव्हतं. तो त्यांचा मेलेला पाय होता.

बाबांना सपरीत नेऊन ठेवलं. वहिनी तिथेच त्यांच्या पायाशी बसून राहिली, केसांत भुसा तसाच. संध्याकाळी भाऊ आला. त्याला ती म्हणाली, "मामाजी महिनाभरापासून सांगून रायले होते." मग उठून आंघोळीला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं टिनांवर यायच्या आधी, भाऊ शिडी लावून त्या पडलेल्या भागातून वर डोकं घालून पाहायला गेला. मी शिडी धरून उभी होते. त्याने वरच्या टिना चाचपल्या. मग हात खाली करून मला दाखवला. तळवा ओला होता.

"टिन आतून भिजला आहे," तो म्हणाला. "सारा. थेंबच थेंब आहेत."

तो बाजूला झाल्यावर मीही चढले. टिनेच्या आतल्या अंगाला पाणी धरलेलं होतं, भाताच्या झाकणीला आतून धरतं तसं, आणि पन्हळीपन्हळीने ओघळून खाली भुशात उतरत होतं. बाहेर टिना दवाने बर्फासारख्या गार पडलेल्या. आणि खालून आमची गोरसी, बाबांचं शेकायचं पाणी, वहिनीचं उसवणं, दोरीवरचे ते धडपे. ती सगळी ओल तट्टी-पोत्यांतून वर चढत होती, गार टिनेला लागून पाणी होत होती, आणि बाहेर जायला तिला वाट नव्हती. वाट आम्ही गारा लावून बंद केली होती. रोज थोडं थोडं, दोन महिने.

मी उतरल्यावर भाऊ शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. "आपनच कोंबून ठेवला," तो म्हणाला. दोरीवर बाबांचे कपडे होते. ती ओल कुणाची होती ते आम्हा दोघांना दिसत होतं, आणि ते तोंडाने म्हणवत नव्हतं.

सगळा माळा उतरवावा लागला. वरचा भुसा ओला, मधला गरम, हात घालवत नव्हता, खालची पोती कुजून बोटाने फाटत होती. त्यांवर पांढरी बुरशी आणि कुठे कुठे सात्या, म्हणजे अळंबी, उगवलेल्या. वळचणीकडच्या दोन वाशांची टोकं इतकी मऊ झाली होती की भावाने विळ्याचं टोक टोचलं तर ते सहज आत रुतलं. आणखी एक पावसाळा गेला असता तर छप्परच बसलं असतं. त्या भुशाचा ढीग घरामागे टाकला, तो कितीतरी दिवस धुमसत होता.

बाबांच्या छातीत कफ भरला. सपरीला तट्टे लावून आडोसा केला तरी थंडी ती थंडीच. डॉक्टर आले, सुया दिल्या. महिनाभर घरघर चालली, मग उतरली, पण त्यानंतर ते पहिल्यासारखे राहिले नाहीत. आणि "पा" हे अक्षर त्यांनी पुन्हा काढलं नाही. कुठलंच काढलं नाही. तहान लागली की नाही, आम्ही अंदाजाने पाणी पाजायचो. ते प्यायचे. थुंकायचे नाहीत. मला ते थुंकणं परत हवं होतं.

उन्हाळा तर टळणार नव्हता. फाल्गुनात भावाने पुन्हा काम काढलं. या वेळी त्याने घाई केली नाही. आधी कुजलेल्या वाशांना नवी टोकं जोडून घेतली. तट्ट्या बांधल्यावर माती, शेण आणि बारीक भुसा कालवून वरून लिंपल्या, मग खालूनही लिंपल्या. खालचं लिंपण मी आणि वहिनीने केलं, मान वर करून, गारा तोंडावर पडत होता. दोघींनी मिळून एकेक फट बुजवली. खोलीतली वाफ वर जाता कामा नये, एवढं आम्हाला कळलं होतं. ते लिंपण पुरतं वाळेपर्यंत, टिचकी मारली की खण् वाजेपर्यंत, भावाने वर भुशाचा एक कण जाऊ दिला नाही. भुसा अंगणात पातळ पसरून उन्हात तापवला, त्यात राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. मग वर पसरला, पण वीतभरच, आणि वळचणीकडे तर आणखी कमी, म्हणजे टिना आणि भुशाच्या मध्ये कुठेही हात फिरेल एवढी मोकळी जागा राहिली. ज्या फटी त्याने मागच्या वर्षी लिंपल्या होत्या त्या खरवडून मोकळ्या केल्या, चिमण्या येऊ नयेत म्हणून बारीक जाळी ठोकली. आढ्याच्या दोन्ही टोकांना भिंतीत वीटभर भोकं पाडली, त्यांनाही जाळी. आता वारा एका बाजूने शिरायचा, भुशावरून जायचा, आणि दुसऱ्या बाजूने निघायचा. खोलीतली दोरी काढून सपरीत बांधली. धान उसवायची चूल अंगणात गेली.

मला वाटलं होतं, वाऱ्याला वाट ठेवली तर थंडावा कमी होईल. तसं काही जाणवलं नाही.

अक्षय तृतीयेच्या आधी बाबांना पुन्हा आत आणलं. उताणं निजवलं. ते वर पाहत राहिले. नवीन लिंपण, डाग नाही, भेग नाही. भावाला वाटत होतं त्यांनी काहीतरी खूण करावी. तो खाटेजवळ उभाच होता. "बरोबर आहे ना बाबा?" त्याने विचारलं. बाबांनी हळूहळू डोळे मिटले. ते रागाने मिटले की झोपेने, हे आम्ही कधी ठरवू शकलो नाही. भाऊ सायकल घेऊन मिलला निघून गेला.

तो उन्हाळा त्यांनी त्या माळ्याखाली काढला. पुढची थंडीही. त्या थंडीत भाऊ दर चारआठ दिवसांनी सकाळी शिडी लावून वर हात घालायचा, मूठभर भुसा काढून बोटांत चोळायचा. कोरडा असायचा. टिनांना कधी दव धरलं तरी दुपारच्या वाऱ्याने ते उडून जायचं. तो मूठ उघडून मला दाखवायचा आणि भुसा परत ठेवायचा.

बाबा गेले त्यानंतरच्या श्रावणात. आठवडाभर झड लागली होती. सकाळी मी अंग शेकायला पाणी घेऊन गेले तर ते थंड होते. खोली कोरडी होती, पांघरूण कोरडं होतं, त्या दिवशी बिछानासुद्धा कोरडा होता. सरण पेटायला फार वेळ लागला. भावाने मिलमधून पोतंभर भुसा आणवला, तेव्हा कुठे लाकडांनी धरलं.

तेरवी झाल्यावर भाऊ म्हणाला की तो माळा काढून टाकू. वहिनी म्हणाली, "कायले? आता तं चांगला आहे." मग ती खोली मला मिळाली. तिथली खाट काढून मी सतरंजीवर, कुशीवर निजायची.

साधारण वर्षभराने एका दुपारी माझा नवरा आला. मी त्याला ओळखलं ते चालण्यावरून. केस पिकले होते. भाऊ कामावर होता. वहिनीने त्याला मधल्या खोलीत बसवलं, चहा दिला. त्याने उपरण्याने मान पुसली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"खोली थंडी आहे," तो म्हणाला. "टिनाचा घर अन् एवढी थंडी?"

"माळ्यावर भुसा आहे," वहिनी म्हणाली.

मग तो कामाचं बोलला. त्याच्या आईला लकवा झाला होता. दुसरी बायको तीन पोरांत गुंतलेली, तिच्याने होत नव्हतं. "तू बापाची सेवा लय केली म्हनतेत लोक," तो मला म्हणाला. "घर तुयाच आहे. चाल."

दारात उभी राहून मी ते ऐकत होते. त्याची आई माझ्याशी वाईट वागली नव्हती. पहिल्या वर्षी तिने माझे केस विंचरून दिले होते. ती आता कुठल्या छपराखाली उताणी पडली असेल, आणि तिला काय दिसत असेल, हे माझ्या मनात आलं. ते मनात आलं म्हणून मी हो म्हणून बसेन अशी मला भीती वाटली.

"मी येत नाई," मी म्हणाले. "तिले एकदा कुशीवर निजवून पाहा. अन् वर पाहात जा, तिच्या बाजूले पडून."

त्याला ते काही कळलं नाही. तो थोडा वेळ बसला, पुन्हा एकदा माळ्याकडे पाहून भुसा किती जाड आहे ते वहिनीला विचारलं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठला. ती म्हातारी पुढे किती दिवस होती ते मला समजलं नाही. मी विचारलंही नाही.